दूरध्वनीच्या जाळ्यातील घड्याळे

पेडण्यास सूर्य माथ्यावर येतो त्या क्षणी डिचोलीची मध्यान्ह होऊन सुमारे ३६ सेकंद उलटलेले असतात. डिचोली पेडण्याच्या पूर्वेस आहे. दोन्ही गावांच्या रेखांशांत सुमारे ०.१५ अंशाचे अंतर आहे, आणि पृथ्वीला एक अंश फिरावयास ४ मिनिटे लागतात, हे तुम्ही भूगोलात शिकला आहातच. आपल्या जुन्या कालमापनात ६० पळांची एक घटका व ६० घटकांचा एक दिवस. म्हणजे एक पळ २४ सेकंदांचे झाले. त्या हिशेबाने पेडणे व डिचोली यांच्या वेळांत दीड पळाचा फरक पडतो. पंचांगकर्ते अशा फरकास देशांतर म्हणत आणि गावोगावचे गणित करताना तो जमेस धरीत. बाकीच्या माणसांना त्याची दादही नव्हती. या गावाहून त्या गावी जावयास अर्धा दिवस लागे, तिथे दीड पळाची मातब्बरी ती काय!

तारायंत्र आणि आगगाडी आली आणि ही निश्चिंती संपली. तारेने निरोप क्षणात पोचू लागल्यावर दोन टोकांची घड्याळे एकमेकांशी जुळत नाहीत, ही गोष्ट प्रथमच उघड दिसू लागली. हिंदुस्थानातील आगगाड्या कित्येक वर्षे मद्रासच्या वेळेने धावत, तर मुंबईकर आपल्या मुंबईच्या वेळेने वागत. १९०६ साली ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची एक प्रमाणवेळ ठरली. परंतु मुंबई शहराने आपली सुमारे ३९ मिनिटे मागे असलेली वेळ लगेच सोडली नाही. तो आग्रह विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालला. आज आपण सारे त्या ८२.५ अंशांच्या घड्याळाने जेवतो आणि निजतो. त्यामुळे गोव्यात सूर्याची मध्यान्ह घड्याळातल्या बारापेक्षा सरासरी ३५ मिनिटांनी उशिरा होते.

मिनिटांचा प्रश्न असा मिटला. आम्ही आज सांगणार आहोत ती गोष्ट सेकंदाच्या लाखाव्या भागाची आहे. तुम्ही कानाशी फोन धरता तेव्हा त्याच्या पलीकडे असलेल्या यंत्रांना परस्परांची घड्याळे इतकी काटेकोर जुळवून घ्यावी लागतात, की ती बिघडल्यास आपले बोलणेच तुटते. हे काम कसे चालते, हे समजण्यास आधी बोलण्याचे आकडे कसे होतात ते पाहू.

अंकीय दूरध्वनी केंद्रात आवाजाची लहर सेकंदास ८,००० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक मापाचा आठ बिटांचा एक आकडा लिहिला जातो. दोन केंद्रांमधील एका वाहिनीवर असे ३२ रकाने एकापाठोपाठ एक पाठविले जातात. त्यांतील ३० रकान्यांत ३० माणसांची संभाषणे असतात आणि दोन रकाने यंत्रांच्या आपसांतील कामकाजासाठी राखलेले असतात. ३२ रकान्यांची ही एक चौकट १२५ मायक्रोसेकंदांत पुरी होते. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दशलक्षांश, हे ध्यानात असू द्यावे. ३२ गुणिले ८ गुणिले ८,००० असा गुणाकार केलात तर २०,४८,००० ही संख्या येईल. इतके बिट दर सेकंदास त्या एका वाहिनीतून जातात.

आता असे समजा, की पेडण्याचे यंत्र आपल्या घड्याळाच्या ठोक्यावर चौकटी पाठवीत आहे आणि डिचोलीचे यंत्र आपल्या घड्याळाच्या ठोक्यावर त्या उचलीत आहे. डिचोलीचे घड्याळ दिवसाकाठी अवघा एक सेकंद मागे पडते. मनगटावरच्या घड्याळाच्या मानाने ही चूक काहीच नव्हे. परंतु एका सेकंदात ८,००० चौकटी येतात. म्हणजे दिवसभरात डिचोलीस ८,००० चौकटी उचलणे जमणार नाही. उचलायच्या राहिलेल्या चौकटी ठेवावयास यंत्रात थोडी जागा असते, पण ती भरली की एक अख्खी चौकट टाकून द्यावी लागते. दिवसाचे ८६,४०० सेकंद भागिले ८,००० केले तर उत्तर १०.८ येते. दर १०.८ सेकंदांनी एक चौकट गळणार! घड्याळ उलट दिशेने चुकले, म्हणजे पुढे धावले, तर तीच चौकट दोनदा वाचली जाईल. या प्रकारास अभियंते स्लिप म्हणतात. बोलणाऱ्याच्या कानास ती एखाद्या बारीक टिचकीसारखी लागते आणि तो दुर्लक्ष करतो. फॅक्सच्या कागदावरील ओळ मात्र तुटते, आणि आकड्यांची देवाणघेवाण करणाऱ्या यंत्रांना सारा मजकूर पुन्हा मागवावा लागतो.

यावर उपाय दोन. प्रत्येक केंद्रात अतिशय अचूक घड्याळ बसवावे, हा पहिला. उत्तम आण्विक घड्याळाची चूक एकावर अकरा शून्ये इतक्या भागांत एका भागाहून अधिक नसते, म्हणजे सुमारे ३,१७० वर्षांत एक सेकंद. अशी दोन घड्याळे परस्परविरुद्ध दिशेने चुकली, तरी त्यांच्यामधील वाहिनीवर ७२ दिवसांत एकच चौकट गळेल. परंतु खेड्यापाड्यांतील प्रत्येक केंद्रात असे महागडे यंत्र कोण ठेवणार? म्हणून दुसरा उपाय रूढ झाला. एका ठिकाणी उत्तम घड्याळ ठेवावयाचे आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून येणाऱ्या ठोक्यांवर आपले स्वस्त स्फटिकाचे घड्याळ सतत जुळवीत राहावयाचे. यासाठी वेगळी तार टाकावी लागत नाही. येणाऱ्या बिटांची लयच मुळी पाठविणाऱ्याच्या घड्याळाची लय असते. भजनात टाळकरी पखवाजाच्या ठेक्यावर आपला टाळ ठेवतो, तसेच हे.

कोणी कोणाकडून वेळ घ्यावयाची, हे ठरविणे हीच या विद्येतील खरी अडचण आहे. ती समजावून देण्यास आमच्या शाळेतीलच एक हकिकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत किल्लीची दोन घड्याळे होती, एक कचेरीत आणि एक सभागृहात. शिपाई रोज सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांपूर्वीचे ठोके ऐकून सभागृहातील घड्याळ लावी आणि कारकून त्यावरून कचेरीतील घड्याळ लावीत. एका जून महिन्यात रेडिओ बिघडला. शिपायाने विचार केला, कचेरीतले घड्याळ बरोबर असणारच. तो त्यावरून सभागृहातील घड्याळ लावू लागला. कारकुनांना याची कल्पना नव्हती, ते पूर्वीप्रमाणेच सभागृहाकडे पाहून कचेरीतले लावीत राहिले. दोन्ही घड्याळे दिवसास सुमारे नऊ सेकंद मागे पडत, परंतु ती एकमेकांशी नेहमी जुळत! कोणास शंका येण्याचे कारणच नव्हते. चतुर्थीच्या सुटीपूर्वी आमचा कबड्डीचा संघ डिचोलीस सामन्यासाठी निघाला. घड्याळाप्रमाणे पाच मिनिटे आधीच मुले बसथांब्यावर गेली, आणि पाहतात तो बस निघून गेलेली. साठ दिवसांत शाळा नऊ मिनिटे मागे पडली होती. मुले पुढच्या बसने गेली, पण तोवर सामना दुसऱ्या संघास बहाल झाला होता. त्या संघाचा नायक त्या वर्षी दहावीत होता. त्याला पुन्हा खेळावयास मिळाले नाही. त्याची ती पडलेली मुद्रा आम्हांस अजून आठवते.

दूरसंचाराच्या जाळ्यात हाच घोटाळा होतो तेव्हा त्यास टायमिंग लूप म्हणतात. अ हा ब कडून वेळ घेतो, ब हा अ कडून घेतो. दोघे परस्परांशी तंतोतंत जुळलेले दिसतात, धोक्याचा दिवा लागत नाही आणि दोघे मिळून बाकीच्या जगापासून दूर सरकत जातात. म्हणून यंत्रे मांडताना तंत्रज्ञास पुष्कळ विचार करावा लागतो.

कल्पनेनेच एक वर्तुळ मांडू. पणजी, म्हापसा, पेडणे, डिचोली आणि फिरून पणजी, अशी काचतंतूची एक साखळी आहे, आणि उत्तम घड्याळ पणजीस आहे. म्हापसा पणजीकडून वेळ घेतो, पेडणे म्हापशाकडून, डिचोली पेडण्याकडून. डिचोलीस पणजीची थेट वाटही आहे, ती दुसऱ्या पसंतीची म्हणून लिहून ठेविली आहे. तसेच पेडण्याची दुसरी पसंती डिचोली. आता पावसाळ्यात रस्त्याची दरड काढताना म्हापसा आणि पेडणे यांच्यामधील काचतंतू तुटला. पेडणे आपल्या दुसऱ्या पसंतीकडे, म्हणजे डिचोलीकडे वळेल. आणि डिचोली तर पेडण्याकडेच पाहत बसली आहे! शाळेतील दोन घड्याळांची गत येथे झालीच म्हणून समजा.

हे टाळण्यासाठी प्रत्येक यंत्र आपल्या वेळेबरोबर तिच्या दर्जाचा एक आकडा पाठविते. मूळ उत्तम घड्याळावरून आलेल्या वेळेस २ हा आकडा, यंत्राच्या स्वतःच्या साध्या स्फटिकाच्या वेळेस ११, आणि १५ याचा अर्थ ‘ही वेळ वापरू नये’. नियम असा, की ज्याच्याकडून वेळ घेतली त्याच्याकडे परत १५ च पाठवावयाचा; जणू काही, ‘मी तुझेच पाहून लिहितो आहे, मला विचारू नकोस.’ या नियमाने वरचा पेच कसा सुटतो ते पाहा. तंतू तुटताच पेडण्यास म्हापशाची वेळ मिळेनाशी होते. डिचोलीकडून १५ येत असल्यामुळे ती वाटही बंद. पेडणे स्वतःच्या स्फटिकावर चालू लागते आणि डिचोलीस प्रामाणिकपणे ११ कळविते. डिचोली पाहते, पेडण्याकडून ११ आणि पणजीकडून २. ती पणजीकडे वळते आणि आता पेडण्यास २ पाठविते. पेडणे ती वेळ घेते आणि तिला उलट १५ कळविते. हा सारा व्यवहार माणसाचा हात न लागता उरकतो.

तुटलेला तंतू जोडल्यावरही यंत्राने मूळ वाटेकडे लगेच धाव घ्यावयाची नसते. जोड पक्का नसेल तर वाट घटकेत चालू, घटकेत बंद होईल आणि घड्याळ दोन धन्यांमध्ये हेलकावे खात राहील. म्हणून बहुधा पाच मिनिटे थांबून, वाट स्थिर आहे अशी खात्री पटल्यावरच परतावे, असे नेमून देतात. दोन्ही वाटा बंद झाल्या तर यंत्र शेवटी शिकलेली चाल लक्षात ठेवून आपल्या जोरावर चालत राहते. अभियंते यास होल्डओव्हर म्हणतात. स्फटिक उष्णतेने चाल बदलतो, यास्तव चांगल्या यंत्रांत त्यास एका लहानशा तापत्या डबीत सदा एकाच उष्णतेवर ठेवितात.

इथवर आपण घड्याळाची चाल जुळविण्याबद्दल बोललो. दोन घड्याळे एकाच चालीने चालली म्हणजे त्यांवर एकच वेळ असते असे नाही. एकात दहा वाजले असता दुसऱ्यात सव्वादहा वाजलेले असू शकतात. जुन्या दूरध्वनी केंद्रांचे चालीवर भागे. आजच्या मोबाईलचे तेवढ्यावर भागत नाही. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या पाचव्या पिढीच्या सेवेतील मुख्य पट्ट्यात टॉवर एकाच लहरीवर आळीपाळीने बोलतो आणि ऐकतो. तेरेखोल नदीच्या अलीकडचा टॉवर ऐकत असताना पलीकडचा बोलू लागला, तर त्याच्या मोठ्या आवाजात फोनचा क्षीण आवाज बुडून जाईल. म्हणून सर्व टॉवरांचे घड्याळ मूळ वेळेपासून दीड मायक्रोसेकंदाहून अधिक ढळता कामा नये, असा दंडक आहे. दीड मायक्रोसेकंदात प्रकाश जेमतेम ४५० मीटर जातो!

दूरच्या यंत्रास इतकी अचूक वेळ सांगावयाची कशी? निरोप पाठविला तर तो पोचेपर्यंत शिळा होतो. काचतंतूत प्रकाशाला एक किलोमीटर जाण्यास ५ मायक्रोसेकंद लागतात. ३० किलोमीटरांस १५० लागतील. येथे एक मोठी सुंदर युक्ती योजितात. ती आपण पायलटच्या उदाहरणाने पाहू. (गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगणे अवश्य आहे, की आमच्याकडे पायलट म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलचा चालक, तो विमान उडवीत नाही.)

पेडण्याच्या घड्याळात ८ वाजता पायलट चिठ्ठी घेऊन निघाला. डिचोलीस पोचला तेव्हा तेथील घड्याळात ९ वाजून १० मिनिटे झाली होती. डिचोलीच्या घड्याळाप्रमाणे साडेनऊला तो परत निघाला आणि पेडण्याच्या घड्याळाप्रमाणे १० वाजून २० मिनिटांनी घरी आला. जाताना ७० मिनिटे लागलेली दिसतात, येताना ५०. वाट तीच, वेग तोच. मग हा फरक कसला? बेरीज १२० मिनिटे, म्हणजे प्रत्येक खेपेस खरोखर ६० मिनिटे लागली असणार. तेव्हा डिचोलीचे घड्याळ १० मिनिटे पुढे आहे. चार नोंदींवरून प्रवासाचा काळ आणि घड्याळाची चूक अशा दोन्ही गोष्टी हाती आल्या. संगणकांची घड्याळे महाजालावरून याच रीतीने जुळविली जातात. टॉवरांसाठी तीच रीत अधिक काटेकोर करून वापरतात. तेथे चिठ्ठी सुटल्याची आणि पोचल्याची नोंद यंत्राच्या अगदी दाराशीच केली जाते, आतल्या गर्दीतील खोळंबा हिशेबात शिरू नये म्हणून.

चाणाक्ष विद्यार्थ्याच्या ध्यानात एक उणीव आली असेल. जाण्यास आणि येण्यास सारखाच वेळ लागतो, हे आपण गृहीत धरले. वाटेत जाताना फाटक बंद असल्याने पायलटास खरोखरच ७० मिनिटे लागली असतील आणि येताना ५०, तर डिचोलीचे घड्याळ अगदी बरोबर असूनही आपण त्याला १० मिनिटे पुढे ठरविले! यंत्रांतही हा दोष जसाच्या तसा उतरतो. जाण्याचा एक तंतू आणि येण्याचा दुसरा, अशी बहुधा जोडी असते. समजा, तुटलेल्या जोडीपैकी एक तंतू दुरुस्तीत दुसऱ्या वळणाने नेला आणि तो एक किलोमीटर लांब झाला. तेवढ्याने ५ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो, घड्याळ त्याच्या निम्म्याने, म्हणजे अडीच मायक्रोसेकंदांनी चुकते आणि दीडची मर्यादा ओलांडली जाते. दुरुस्ती करणाऱ्याने तंतू उत्तम जोडलेला असतो, संदेश बिनचूक जात असतात, तरीही वेळ खोटी! या चुकीचा पत्ता चिठ्ठ्यांच्या हिशेबातून कधीच लागत नाही. तो बाहेरच्या एखाद्या घड्याळाशी ताडून पाहावा लागतो.

बाहेरचे घड्याळ म्हणजे बहुतेक ठिकाणी आकाशातील उपग्रह. टॉवरवर वाटीएवढी एक पांढरी टोपी दिसते, ती पुष्कळदा उपग्रहाकडून वेळ घेणारी असते. त्यातही बेसावध राहून चालत नाही. २६ जानेवारी २०१६ रोजी एक जुना उपग्रह सेवेतून काढताना अमेरिकेच्या जीपीएसमधील काही उपग्रहांवरून १३ मायक्रोसेकंद चुकलेली वेळ प्रसारित झाली, आणि अनेक देशांतील दूरसंचार यंत्रांवर धोक्याच्या सूचना उमटू लागल्या. आपल्या देशाने स्वतःचे उपग्रह सोडले त्यांनाही घड्याळांनीच सतावले. १ जुलै २०१३ रोजी गेलेल्या पहिल्या दिग्दर्शक उपग्रहातील तिन्ही परदेशी रुबिडियम घड्याळे पुढे बंद पडली, आणि वेळ सांगण्याचे त्याचे मुख्य कामच थांबले. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात मात्र अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने घडविलेले रुबिडियम घड्याळ बसविले होते. आम्हांस या बातमीचा उपग्रहाच्या उड्डाणाहूनही अधिक आनंद झाला होता, हे येथे नमूद करतो.

भारतीय प्रमाणवेळेचे मूळ घड्याळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सांभाळले जाते. सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांचा एक सेकंद, ही व्याख्या १९६७ साली जगाने स्वीकारली. तिच्या आधारे ते चालते. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या संगणकसुरक्षा विभागाने असा आदेश काढला, की सेवा देणाऱ्या संस्थांनी आपल्या यंत्रांची घड्याळे या प्रयोगशाळेच्या वा राष्ट्रीय सूचना केंद्राच्या वेळेशी, किंवा त्यांच्याशी नाते सांगता येईल अशा घड्याळाशी जुळवावीत. कारण उघड आहे. चोरी पेडण्याच्या संगणकात झाली आणि पैसे डिचोलीच्या खात्यातून गेले, तर आधी काय घडले आणि नंतर काय, हे दोन नोंदवह्यांची घड्याळे जुळत असल्याखेरीज न्यायालयास कसे कळावे?

मोप्याच्या विमानतळावर ५ जानेवारी २०२३ पासून विमाने ये-जा करू लागली. तेथील वैमानिकाच्या भाषेत आपले पहाटेचे साडेपाच म्हणजे शून्य वाजलेले असतात. जगभरच्या विमानांना एकच वेळ लागते आणि ती आपल्या साडेपाच तास मागे आहे.

आता एक प्रयोग सांगून लेखणी खाली ठेवतो. २५ डिसेंबरच्या सुमारास सूर्याची वेळ आणि घड्याळाची सरासरी वेळ जवळजवळ एक असतात, आणि तेव्हा नाताळची सुटीही असते. त्या दिवशी पेडण्याच्या एका विद्यार्थ्याने आणि डिचोलीच्या एकाने अंगणात एक सरळ काठी ओळंब्याने उभी करावी, काठीच्या बुंध्याभोवती एक वर्तुळ काढावे आणि सावलीचे टोक सकाळी वर्तुळास कोठे व केव्हा शिवले, दुपारी पुन्हा केव्हा शिवले, हे लिहावे. दोन वेळांची सरासरी ही त्या अंगणाची मध्यान्ह. पेडण्यास ती सुमारे १२ वाजून ३५ मिनिटांनी आणि डिचोलीस त्याआधी ३६ सेकंद यावयास हवी. दोघांच्या मोबाईलमधील घड्याळे एकाच मुळाशी बांधलेली असल्याने त्यांची चिंता नको. सावलीचे टोक धूसर असल्यामुळे दोन-चार मिनिटे इकडेतिकडे होतील. वर्तुळे एकाऐवजी पाच-सहा काढून सर्वांची सरासरी घेतली तर चूक किती कमी होते ते पाहावे, आणि दोन्ही गावांचे तक्ते जानेवारीत शाळा उघडल्यावर विज्ञानाच्या तासास आणावेत.